‘पिक अप’: एक क्रियापद, डझनभर अर्थ आणि प्रत्येकाचा नेमका पर्यायी शब्द

‘पिक अप’ म्हणजे उचलणे, एवढं शाळेत पाठ झालेलं असतं. मग ‘द विंड इज पिकिंग अप’ समोर येतं आणि वारा नेमकं काय उचलतोय हेच कळत नाही. ‘शी पिक्ट अप मराठी’, ‘ही पिक्ट अप अ कोल्ड’, ‘हू विल पिक अप द बिल?’ या तिन्ही वाक्यांत जमिनीवरून काहीच उचललेलं नाही. शब्दकोश उघडावा तर अर्थांची लांबलचक रांग. ती घोकून लक्षात राहत नाही आणि राहिली तरी बोलताना वेळेवर आठवत नाही.

मराठी माणसाला इथे एक आयती सोय आहे. आपलं ‘उचलणे’ही असंच बहुरूपी आहे. आपण फोन उचलतो, पोलीस संशयिताला उचलतात, लग्नाचा खर्च मामा उचलतो, मूल शेजारच्या घरातली भाषा उचलतं, एखादा दुसऱ्याची लकब उचलतो. या पाचही ठिकाणी इंग्रजीत ‘पिक अप’ चालतं. म्हणजे बरंचसं क्रियापद तुम्हाला आधीच येतं. मेहनत घ्यायची ती उरलेल्या दोन ठिकाणी: मराठीत ‘उचलणे’ येत नाही पण इंग्रजीत ‘पिक अप’ येतं तिथे, आणि मराठीत ‘उचलणे’ असूनही इंग्रजीत ‘पिक अप’ बसत नाही तिथे. बहुतेक चुका याच दोन जागी होतात.

आधी मराठीतलं ‘पिकअप’ बाजूला ठेवा

मराठीत ‘पिकअप’ हा एकसंध शब्द आहे आणि तो नामासारखा वागतो. त्याला ‘करणे’ किंवा ‘घेणे’ जोडून आपण काम भागवतो: ‘मी तुला पिकअप करतो’, ‘गाडी पिकअप घेत नाही’. इंग्रजीत क्रियापद म्हणून हे दोन सुटे शब्द आहेत. काळाचा, वचनाचा सगळा भार ‘पिक’ उचलतो, ‘अप’ जसाच्या तसा राहतो: ‘ही पिक्स अप’, ‘शी इज पिकिंग अप’, ‘दे पिक्ट अप’. ‘पिकअप्ड’ असं रूप इंग्रजीत नाही. ‘पिकअप्स’ आहे, पण ते नामाचं अनेकवचन.

भूतकाळी रूपाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ आणि ‘डी’ ही अक्षरं असतात, पण उच्चार ‘पिक्ट’. ‘पिकेड’ किंवा ‘पिक्ड’ नाही. ‘क’ हा अघोष वर्ण असल्याने पुढचा ‘ड’ त्याच्या संगतीने ‘ट’ होतो. ‘लुक्ट’, ‘वॉक्ट’, ‘टॉक्ट’ तसंच. आघाताचंही पाहा. ‘पिक इट अप’ म्हणताना जोर ‘अप’वर येतो, तर नाम म्हणून ‘पिकअप’ म्हणताना ‘पिक’वर. जलद बोलण्यात ‘पिक्ट इट अप’चं ‘पिक्टिटप’ होऊन जातं. चित्रपट बघताना हे ऐकू न येण्याचं कारण शब्द अनोळखी असणं नाही, सांधे अनोळखी असणं आहे.

आता या क्रियापदातली सर्वांत महत्त्वाची मेख: कर्म कुठे ठेवायचं.

कर्म नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या आहेत. ‘पिक अप द बॅग’ बरोबर, ‘पिक द बॅग अप’ही बरोबर. कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच बसलं पाहिजे: ‘पिक इट अप’, ‘पिक मी अप’, ‘पिक देम अप’. ‘आय विल पिक अप यू अ‍ॅट सेव्हन’ ही मराठी माणसाची हमखास चूक, आणि ती कुठून येते हे आता उघड आहे. आपल्या डोक्यात ‘पिकअप’ एक शब्द आहे, त्याला फोडायचं सुचतच नाही. कर्म लांबलचक असेल तर मात्र ते शेवटी ठेवा. ‘पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम नागपूर येस्टरडे’ हे ठीक. पार्सलचं सगळं वर्णन मध्ये कोंबून सर्वांत शेवटी ‘अप’ टाकलं, तर ऐकणारा तोवर वाक्याची सुरुवात विसरलेला असतो.

क्रियाविशेषणही मध्ये घुसवू नका. ‘पिक इट क्विकली अप’ चूक, ‘पिक इट अप क्विकली’ बरोबर. (‘राइट’ आणि ‘स्ट्रेट’ यांना मात्र मध्ये बसायची मुभा आहे: ‘ही पिक्ट इट राइट अप’.)

अर्थ ओळखायचा कसा

वाचताना किंवा ऐकताना ‘पिक अप’ आलं की पहिला प्रश्न: याला कर्म आहे का? कर्म नसेल तर काम सोपं आहे, कारण अर्थ तीन-चारच उरतात आणि ते कर्त्यावरून ठरतात. कर्ता माणूस आणि विषय फोनचा, तर फोन उचलणे. कर्ता धंदा, वारा, पाऊस, तब्येत, विक्री यांपैकी, तर वाढणे, सुधारणे, जोर धरणे. कर्ता गोष्ट, मालिका, बैठक असेल, तर थांबलं होतं तिथून पुढे सुरू होणे.

कर्म असेल तर दुसरा प्रश्न: ते कोण किंवा काय आहे? माणूस असेल तर आजूबाजूला ठिकाण, वेळ, गाडी दिसते का ते बघा. दिसली की ‘घ्यायला जाणे’. पोलीस कर्ता असतील तर ताब्यात घेणे. कर्म तान्हं मूल असेल तर कडेवर घेणे. वस्तू असेल तर उचलणे, घेऊन येणे किंवा विकत घेणे. भाषा, सवय, हेल, कौशल्य असेल तर शिकणे, लागणे, उचलणे. आजार असेल तर लागण होणे. आवाज, संकेत, वास, चूक असेल तर टिपणे. बिल असेल तर भरणे. थोडक्यात, अर्थ ‘पिक अप’मध्ये शोधू नका, तो शेजारच्या शब्दात असतो.

तिसरा प्रश्न: मागे काही शेपूट जोडलं आहे का? ‘ऑन’, ‘आफ्टर’ आणि ‘व्हेअर’ ही तीन शेपटं अर्थ पूर्ण फिरवतात. त्यांच्याकडे पुढे येऊ.

शेवटी ताळा करा. सुचलेल्या अर्थाचा साधा एकशब्दी पर्याय त्या जागी ठेवून वाक्य पुन्हा वाचा. हे वाक्य घ्या: ‘द पोलीस डॉग पिक्ट अप अ सेंट निअर द वेल, अँड बाय इव्हनिंग द सस्पेक्ट हॅड बीन पिक्ट अप फ्रॉम हिज ब्रदर्स हाउस.’ पहिल्या ठिकाणी कर्म ‘सेंट’, म्हणजे वास. ‘लिफ्ट’ ठेवून पाहा, वास उचलला असं होतं, अर्थ लागत नाही. ‘डिटेक्ट’ ठेवा, बसतं: विहिरीजवळ कुत्र्याला वास लागला. दुसऱ्या ठिकाणी रचना कर्मणी आहे आणि ज्याला उचललं तो संशयित आहे. ‘कलेक्ट’ ठेवलं तर भावाच्या घरी कुणी प्रेमाने न्यायला गेल्यासारखं वाटतं. ‘डिटेन’ ठेवा, बसतं: संध्याकाळपर्यंत संशयिताला भावाच्या घरून ताब्यात घेतलं होतं. एकाच वाक्यात दोन अर्थ, आणि दोन्ही शेजारच्या शब्दांनी ठरवले.

उचलणे, वेचणे, तोडणे

मूळ अर्थ सोपा वाटतो, पण ‘अप’ विसरलं की इथेही घोटाळा होतो. ‘पिक’ एकटं आलं तर अर्थ निवडणे, तोडणे, टोचणे किंवा कोरणे. झाडावरची शेवंती खुडली तर ‘पिक द फ्लॉवर्स’. पहाटे अंगणात सांडलेला प्राजक्त गोळा केला तर ‘पिक अप द फ्लॉवर्स’. कापसाला मराठीत ‘वेचणे’ म्हणतात म्हणून ‘पिक अप कॉटन’ म्हणावंसं वाटेल, पण तो झाडावरच्या बोंडातून काढतात, म्हणून नुसतं ‘पिक कॉटन’. बोंडातून गळून मातीत पडलेला कापूस गोळा केला तर ‘पिक अप’. पत्त्यांच्या खेळात ‘पिक अ कार्ड’ म्हणजे एखादं पान निवड. ‘पिक अप अ कार्ड’ म्हणजे एक पान उचलून हातात घे.

पर्यायी शब्दांत ‘लिफ्ट’ हा सर्वांत जवळचा, पण त्यात भर वर नेण्यावर असतो आणि बहुधा वजन जाणवतं. पेन ‘पिक अप’ करतात, गॅसचा सिलिंडर ‘लिफ्ट’ करतात. ‘रेज’ म्हणजे वर करणे, वस्तू हातात घेतलीच पाहिजे असं नाही. हात किंवा झेंडा ‘रेज’ होतो. दोरी, कप्पी किंवा क्रेनने चढवलं तर ‘होइस्ट’. विखुरलेलं एकत्र केलं तर ‘गॅदर’, आणि प्राजक्ताला तोही शोभतो.

घ्यायला जाणे

‘पिक मी अप फ्रॉम द स्टेशन’ आणि ‘पिक मी अप अ‍ॅट द स्टेशन’ दोन्ही चालतात. चालत नाही ते ‘पिक मी फ्रॉम द स्टेशन’. आपल्याकडे हे सर्रास ऐकू येतं, पण काटेकोर अर्थ घेतला तर ‘स्टेशनवरच्या गर्दीतून माझी निवड करा’ असा होतो. परतीच्या बाजूला ‘ड्रॉप मी ऑफ अ‍ॅट द स्टेशन’ किंवा नुसतं ‘ड्रॉप मी अ‍ॅट द स्टेशन’.

‘पिक अप’मध्ये गाडी जवळजवळ गृहीत असते. ‘कलेक्ट’ हा ब्रिटिश वळणाचा शब्द, किंचित औपचारिक. मुलांना शाळेतून ‘कलेक्ट’ करतात, चालत गेलात तरी. ‘फेच’मध्ये जाणं, घेणं आणि घेऊन परत येणं हा पूर्ण फेरा असतो. वाटेत कुणाला गाडीत घेतलं तर ब्रिटिश माणूस ‘गेव्ह हिम अ लिफ्ट’ म्हणेल, अमेरिकन ‘गेव्ह हिम अ राइड’. विमानतळावर पाहुण्यांना ‘रिसीव्ह’ करायला जाणं ही आपली भारतीय इंग्रजी. बाहेर ‘आय विल मीट यू अ‍ॅट द एअरपोर्ट’ म्हणतात. तिथे ‘रिसीव्ह’ बड्या पाहुण्यांच्या स्वागताला शोभतो.

एक सावधगिरी. बार, पार्टी, अनोळखी व्यक्ती असा संदर्भ असेल तर ‘पिक अप’चा अर्थ शारीरिक ओढीने ओळख काढून सोबत नेणे असा होतो. बसथांब्यावरच्या दोन मुलींना तुम्ही भल्या मनाने गाडीत घेतलं असेल, तर ‘आय पिक्ट अप टू गर्ल्स’ म्हणू नका. ‘आय गेव्ह टू गर्ल्स अ लिफ्ट’ म्हणा.

वस्तूंच्या बाबतीत दोन छटा आहेत. आधीच आपली असलेली किंवा तयार ठेवलेली वस्तू आणणे, जसं इस्त्रीचे कपडे, पार्सल, औषधं: इथे ‘कलेक्ट’. आणि जाता जाता विकत घेणे: ‘पिक अप सम मिल्क ऑन द वे होम’. इथे पर्याय ‘बाय’ किंवा ‘गेट’. ‘पर्चेस’ बिलावर आणि करारात ठीक, दुधाच्या पिशवीला फार जड. फ्लॅट, ट्रॅक्टर असल्या मोठ्या विचारपूर्वक खरेदीला ‘पिक अप’ वापरू नका. ते वाटेत कोथिंबिरीची जुडी घेतल्यासारखं ऐकू येतं.

फोन: सगळ्यात जास्त चुका इथेच

‘ही डिडन्ट पिक माय कॉल’ हे वाक्य भारतभर चालतं आणि भारताबाहेर खटकतं. ‘अप’ गळालं की अर्थ निवडण्याकडे जातो. बरोबर रूपं अशी: ‘ही डिडन्ट पिक अप’, ‘ही डिडन्ट पिक अप द फोन’, ‘ही डिडन्ट आन्सर माय कॉल’. यातलं पहिलं सर्वांत सहज. कर्म सांगायची गरजच नाही. ‘अटेंड द कॉल’ टाळा, ‘अटेंड’ म्हणजे बैठकीला किंवा लग्नाला हजर राहणे. ‘आय रिसीव्ह्ड अ कॉल’ याचा अर्थ मला फोन आला, मी तो उचलला यावर त्यात भर नाही. कार्यालयीन लेखनात ‘आन्सर’ किंवा ‘टेक द कॉल’ वापरा. फोन ठेवणे म्हणजे ‘हँग अप’, आणि तोही दोन शब्दांत.

कानावर पडून येणारी विद्या

‘शी पिक्ट अप मराठी इन सिक्स मन्थ्स’ या वाक्यात शिकवणी नाही, पुस्तक नाही. बाजारात, शेजारात, कामावर ऐकून ऐकून भाषा आली. ही छटा ‘लर्न’मध्ये नाही, ‘लर्न’ तटस्थ आहे. ‘अक्वायर’ औपचारिक, अर्जात आणि शैक्षणिक लेखनात शोभणारा. ‘मास्टर’ म्हणजे प्रभुत्व मिळवणे, जे ‘पिक अप’मध्ये अजिबात अभिप्रेत नाही. एखादी युक्ती किंवा यंत्र हाताला बसलं तर ‘गेट द हँग ऑफ इट’. संकल्पना डोक्यात शिरली तर ‘ग्रास्प’.

म्हणून ‘ही पिक्ट अप लॉ अ‍ॅट युनिव्हर्सिटी’ विचित्र वाटतं: पदवी घेऊन शिकलेली गोष्ट ‘पिक अप’ होत नाही. मुलाखतीत ‘आय पिक्ट अप एक्सेल ऑन द जॉब’ उत्तम, त्यात चटपटीतपणा दिसतो. तीच गोष्ट बायोडेटात लिहिताना ‘अक्वायर्ड’ करा.

सवय, हेल आणि लकब यांनाही हेच क्रियापद. वाईट सवयीला विशेष करून: ‘व्हेअर डिड यू पिक अप दॅट वर्ड?’ असं आईने दरडावून विचारलं की मुलाने कुठून तरी शिवी उचललेली असते.

आजार

सर्दी, ताप, पोटाचा संसर्ग: जो आजार बाहेरून येतो तोच ‘पिक अप’ होतो, आणि तो नकळत कुठून तरी आला अशी छटा असते. मधुमेह, रक्तदाब यांना ‘पिक अप’ नाही आणि ‘कॅच’ही नाही, तिथे ‘डेव्हलप’. रोजच्या बोलण्यात ‘कॅच’, डॉक्टरी अहवालात आणि बातमीत ‘कॉन्ट्रॅक्ट’. ‘कम डाउन विथ’ यात लक्षणं दिसून आडवं पडणं आहे. म्हणून गाडीत संसर्ग ‘पिक अप’ होतो आणि दोन दिवसांनी माणूस ‘कम्स डाउन विथ’ ताप.

जोर धरणे, सावरणे

हा अकर्मक अर्थ मराठी ‘उचलणे’च्या सर्वांत बाहेरचा, पण मराठी ‘पिकअप घेणे’च्या आतला. नाटक दुसऱ्या अंकात पिकअप घेतं, धंदा दिवाळीच्या तोंडावर पिकअप घेतो, असं आपण म्हणतोच. इंग्रजीत: ‘बिझनेस पिक्स अप बिफोर दिवाळी’. घोटाळा ‘पिकअप झाला’ या रूपामुळे होतो. त्यावरून ‘बिझनेस वॉज पिक्ट अप’ लिहिलं जातं, आणि त्याचा अर्थ कुणीतरी धंदा उचलून नेला. इथे कर्मणी रचना नकोच: ‘बिझनेस हॅज पिक्ट अप’.

आधी थंडावा होता, आता हालचाल आली, ही छटा सांभाळा. वर्षभर जोरात चाललेली विक्री आणखी वाढली तर ‘इन्क्रीज्ड’ किंवा ‘रोज’ म्हणा. पर्यायांत ‘इम्प्रूव्ह’ सर्वसाधारण. ‘रिकव्हर’ म्हणजे घसरून पूर्वपदाकडे येणे. ‘रिबाउंड’ म्हणजे आपटून उसळणे, त्यात वेग आहे. शेअर बाजारातल्या दमदार चढाला ‘रॅली’. वाऱ्याला आणि पावसाला बोलण्यात ‘पिक अप’, हवामानाच्या पत्रकासारख्या मजकुरात ‘स्ट्रेंदन’ किंवा ‘इंटेन्सिफाय’. आजारी माणसाबद्दल ‘ही इज पिकिंग अप’ म्हणजे तब्येतीला उतार पडतोय.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, अकॅडमिक लेखनाच्या पहिल्या प्रश्नात आलेखाचं किमान १५० शब्दांत वर्णन करायचं असतं. तिथे ‘सेल्स पिक्ट अप’ चूक नाही, पण ‘सेल्स रिकव्हर्ड’ किंवा ‘सेल्स रोज स्टेडिली’ जास्त शोभतं. संवादपरीक्षेत नेमकं उलट: तिथे ‘पिक अप’ने बोलणं मोकळं वाटतं.

सकर्मक भावंड ‘पिक अप स्पीड’, वेग घेणे. पर्याय ‘गॅदर स्पीड’, ‘गेन स्पीड’, तांत्रिक लेखनात ‘अ‍ॅक्सेलरेट’. आणि ‘पिक अप द पेस’ म्हणजे कामाचा किंवा चालीचा वेग वाढवणे.

टिपणे, भरणे, पटकावणे

बाकीचे अर्थ कर्म पाहिलं की पटकन लागतात. माइक, रडार, रेडिओ, कॅमेरा कर्ता असेल तर ‘डिटेक्ट’ किंवा ‘रिसीव्ह’. माणसाने चूक टिपली तर ‘नोटिस’ किंवा ‘स्पॉट’. बिल भरताना ‘पिक अप द बिल’, अमेरिकेत ‘पिक अप द चेक’ किंवा ‘द टॅब’. पर्याय ‘पे’, ‘कव्हर’, आणि भुर्दंडाचा सूर हवा असेल तर ‘फुट द बिल’. पोलिसांच्या बाबतीत ‘अरेस्ट’ आणि ‘डिटेन’ एक नाहीत: चौकशीसाठी उचललेला माणूस अटकेत असेलच असं नाही, त्यामुळे बातमीचा अनुवाद करताना ‘पिक्ट अप फॉर क्वेश्चनिंग’ला ‘अटक’ लिहू नका, ‘ताब्यात घेतलं’ लिहा.

क्रिकेटच्या समालोचनात ‘पिक अप’ सतत येतं: ‘शी पिक्ट अप थ्री विकेट्स’. साधा पर्याय ‘टुक’, वर्तमानपत्री थाटाचा ‘क्लेम्ड’. पारितोषिकं आणि गुणही असेच ‘पिक अप’ होतात. मात्र ‘ही कुडन्ट पिक द गुगली’ यात ‘अप’ नाही. अर्थ गुगली ओळखता आली नाही.

आणि पडून पुन्हा उभं राहणे: ‘शी पिक्ट हरसेल्फ अप’. शब्दशः आणि लाक्षणिक दोन्ही. त्याचंच नाम ‘पिक-मी-अप’, म्हणजे तरतरी आणणारा पदार्थ, आपल्याकडचा दुपारचा चहा. ‘तिरामिसू’ या इटालियन गोड पदार्थाच्या नावाचा अर्थही हाच.

शेपटं: ऑन, आफ्टर, व्हेअर

‘पिक अप ऑन’ म्हणजे न बोललेलं ताडणे. ‘शी पिक्ट अप ऑन हिज मूड’, त्याचा नूर तिने ओळखला. पर्याय ‘सेन्स’, ‘नोटिस’. चर्चेत ‘आय वुड लाइक टू पिक अप ऑन दॅट पॉइंट’ म्हणजे तो मुद्दा पुढे न्यायचा आहे. बैठकीत फार उपयोगी. पण मध्ये माणूस घातला की सूर बदलतो: ‘ही पिक्ट मी अप ऑन माय स्पेलिंग’, त्याने माझ्या स्पेलिंगवर बोट ठेवलं. हा ब्रिटिश वापर, पर्याय ‘करेक्ट’ किंवा ‘पुल अप’.

‘पिक अप आफ्टर समवन’ म्हणजे दुसऱ्याने केलेला पसारा आवरणे. सूर बहुधा वैतागाचा. शेजारी ‘क्लीन अप आफ्टर’. अमेरिकेत ‘पिक अप युअर रूम’ असंही म्हणतात. तिथे खोली उचलायची नसते, आवरायची असते.

‘लेट अस पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’: जिथे सोडलं होतं तिथून पुढे. औपचारिक पर्याय ‘रिझ्यूम’, साधा ‘कंटिन्यू’. ‘रिझ्यूम’ घेतला की ‘अगेन’ जोडू नका, पुन्हा सुरू करणं त्यातच आलं.

आणखी दोन ठरीव जोड्या: ‘पिक अप द पीसेस’, कोसळल्यावर घडी पुन्हा बसवणे, आणि ‘पिक अप द स्लॅक’, सहकारी कमी पडला तर त्याच्या वाटचं काम ओढणे.

‘उचलणे’ आहे, पण ‘पिक अप’ नाही

पगारातून उचल घेतली: ‘टुक अ‍ॅन अ‍ॅडव्हान्स’. पाऊल उचललं: ‘टुक अ स्टेप’. विडा उचलला: ‘टुक अप द चॅलेंज’. जबाबदारी उचलली: ‘टुक ऑन’ किंवा ‘शोल्डर्ड द रिस्पॉन्सिबिलिटी’. मागणी उचलून धरली: ‘बॅक्ट द डिमांड’. कुणावर हात उचलला: ‘रेज्ड हिज हँड अगेन्स्ट’. जुन्या दुखण्याने उचल खाल्ली: ‘फ्लेअर्ड अप’. दुकानातून उचलेगिरी केली: ‘शॉपलिफ्टेड’. इथे ‘टेक’ची चलती आहे हे लक्षात येईल. जबाबदारी, पाऊल, आव्हान अशी अमूर्त गोष्ट उचलायची असेल तर आधी ‘टेक’ लावून बघा.

नाम म्हणून

नाम एकत्र लिहितात, काही ठिकाणी मध्ये जोडरेघ देऊन. मालवाहू ‘पिकअप’ला शंभर वर्षं होऊन गेली: फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडी पिकअप बॉडीसह कारखान्यातूनच विकायला काढली. आपल्याकडे बाजार समितीच्या आवारात भाजी उतरवणारी बोलेरो पिकअप त्याच कुळातली. गाडीचा ‘पिकअप’ अमेरिकेत कळेल, ब्रिटनमध्ये ‘अ‍ॅक्सेलरेशन’ म्हणा. एसटीची ‘पिकअप शेड’ मात्र खास आपली. इंग्रजीत ‘बस शेल्टर’. गिटारमधला ‘पिकअप’ म्हणजे तारांची कंपनं विद्युत संकेतात बदलणारा भाग. दुकानाच्या निरोपात ‘रेडी फॉर पिकअप’ अमेरिकन, ‘रेडी फॉर कलेक्शन’ ब्रिटिश.

शब्दकोश कसा वाचावा, वही कशी ठेवावी

विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत क्रियापदाच्या शेजारी ‘एसबी’ किंवा ‘एसटीएच’ अशी लघुरूपं असतात. पहिल्याचा अर्थ इथे माणूस येतो, दुसऱ्याचा अर्थ वस्तू. दोन्ही टोकांना बाण असलेली आडवी खूण (↔) दिसली की कर्म मागे-पुढे हलवता येतं असं समजा. खूण नसेल तर उदाहरणवाक्यातलीच जागा पाळा. बहुतेक जण ही चिन्हं ओलांडून थेट अर्थावर जातात आणि तिथेच अर्धी माहिती सांडते.

वहीत ‘पिक अप = १. उचलणे, २. शिकणे…’ अशी यादी करू नका. प्रत्येक ओळीत कर्मासकट पूर्ण तुकडा लिहा आणि समोर एकच पर्यायी शब्द: ‘पिक अप अ लँग्वेज – लर्न’, ‘पिक अप अ बग (इथे बग म्हणजे संसर्ग) – कॅच’, ‘पिक अप द किड्स – कलेक्ट’. एका बैठकीत चार-पाच तुकडे पुरेत. दुसऱ्या दिवशी पर्यायी शब्द झाकून तो आठवा, तिसऱ्या दिवशी पर्यायावरून मूळ तुकडा सांगा, आणि प्रत्येक वेळी नामाच्या जागी सर्वनाम घालून एकदा मोठ्याने म्हणा: ‘पिक देम अप’, ‘पिक इट अप’. जीभ वळली की ‘पिक अप यू’ आपोआप सुटतं.

हात साफ करून घ्या

खालच्या वाक्यांतल्या चुका शोधा किंवा पर्याय सांगा.

१. ‘प्लीज पिक अप मी फ्रॉम दादर.’
२. ‘माय अंकल पिक्ट अप डायबेटिस.’
३. ‘द रेन वॉज पिक्ट अप आफ्टर लंच.’
४. ‘आय कॉल्ड ट्वाइस बट शी डिडन्ट पिक.’
५. ‘द मायक्रोफोन पिक्ट अप एव्हरी व्हिस्पर.’ (पर्याय?)
६. ‘ही ऑलवेज पिक्स मी अप ऑन माय ग्रामर.’ (पर्याय?)

पहिल्यात ‘मी’ मध्ये हवं: ‘पिक मी अप’. दुसऱ्यात ‘डेव्हलप्ट’. तिसऱ्यात कर्मणी रूप काढा, ‘द रेन पिक्ट अप आफ्टर लंच’. चौथ्यात ‘अप’ जोडा किंवा ‘आन्सर’ वापरा. पाचव्यात ‘कॅप्चर्ड’ किंवा ‘डिटेक्टेड’. सहाव्यात ‘करेक्ट्स’, आणि ‘ऑन’ गाळून ‘ही ऑलवेज करेक्ट्स माय ग्रामर’ असं वाक्य बांधा, कारण ‘करेक्ट’ला ते शेपूट चालत नाही.